काजूने खाल्लेली बोटं

"अंगठा राहू दे आजी, मधलं बोट ठेवा."

काकीने मधलं बोट काचेवर ठेवलं. लाल दिवा. मग तर्जनी. लाल. मग डावा हात. सेवा केंद्रातला मुलगा चांगला होता, आवाज चढवत नव्हता. त्याने तिला बाहेरच्या नळावर हात धुवून यायला सांगितलं. ती धुवून आली, पदराला हात पुसले आणि पुन्हा एकेक बोट ठेवत गेली. दहाही बोटं झाली, मशीनने एकही ओळखलं नाही. मागे सात-आठ माणसं खोळंबली होती, म्हणून आम्ही बाजूला झालो. बाकड्यावर टेकल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत ती म्हणाली, "काजीन् खाल्ल्यान् रे माजी बोटां."

मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एक गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आहे, तेवढाच. लहानपणी त्याच हाताची पेज मी खाल्ली आहे, पण तो असा निरखून कधी पाहिला नव्हता. बोटांची पेरं गुळगुळीत, वर्षानुवर्षं टाकी न लावलेल्या पाट्यासारखी. अंगठ्याच्या कडेला काळपट डाग, तो आता जायचा नाही. रेषा म्हणावी अशी कुठे नाहीच.

तेवीस वर्षं ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात होती. वाफवलेली बी कटरच्या दोन पात्यांत एका हाताने धरायची, पायाने पट्टी दाबायची, टरफल तडकलं की दुसऱ्या हाताने गर अलगद मोकळा करायचा. टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख लावतात, खोबरेल चोळतात. मोजे मिळाले तरी बहुतेकजणी घालत नाहीत, कारण मोज्याने हात मंदावतो आणि मजुरी किलोवर असते. गर अख्खा निघाला पाहिजे, तुकडा झाला की वजन तेच राहतं पण भाव पडतो आणि बोलणी खावी लागतात ती वेगळीच. संध्याकाळी काकी घरी यायची तेव्हा आधी त्या तेलाचा वास गडग्याच्या अलीकडे यायचा, मग ती दिसायची.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये तिला मिळतात. ते काढायला बोट लागतं, आणि बोट कामात गेलं.

हे सगळं घडलं त्याच्या चार दिवस आधी ग्रामसभेत मी स्वतः उठून बोललो होतो. फुकट पैसे वाटणं बंद करा, जो काम करेल त्याला द्या, आणि तेही ठरावीक वर्षंच द्या, असं मी म्हणालो होतो. लोकांनी माना डोलावल्या. मी मनापासून बोललो होतो. लावणीला बायका मिळत नाहीत हे दुखणं माझं होतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून तयार, पाऊस पडतोय आणि चिखलात उतरायला चार माणसं नाहीत, याने जीव किती टांगणीला लागतो ते शेती करणाऱ्यालाच कळतं. "लाडक्या बहिणीचे पंधराशे यायला लागल्यापासून कोण कशाला येतंय कामाला," हे वाक्य आमच्याकडे दुकानात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतं. मीही ते म्हणत होतो.

त्या बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा नीट हिशेब केला. पंधराशे भागिले तीस, दिवसाला पन्नास रुपये. आमच्याकडे लावणीला बाईला चारशे आणि दुपारचं जेवण देतात, बागेत गवत मारायला पुरुष गडी पाचशेच्या खाली मिळत नाही. पन्नासासाठी चारशे कोण सोडेल? आणि माणसांची टंचाई काय २०२४ च्या ऑगस्टमध्ये, त्या योजनेचा पहिला हप्ता पडला तेव्हा सुरू झाली? रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत नेपाळहून गुरखे येऊन राहायला लागले त्याला किती वर्षं झाली. माझ्या लहानपणी पैऱ्याने लावणी व्हायची, आज तुमच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, उद्या आमच्या. तेव्हा ओळीने वाकलेल्या बायका आता साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांच्या सुना पनवेल, नालासोपारा, पुण्याला. वाडीतल्या अठ्ठावीस घरांपैकी अकरा घरांना फक्त गणपतीत दिवा लागतो. हे कुठल्या सरकारी हप्त्याने झालेलं नाही.

तरी तक्रारीत एक गोष्ट खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. वाडीतली एकजण मला म्हणाली, "आधी तुम्ही हाक मारलीत की भाकरी टाकून यायला लागायचं. आता आज जमणार नाही असं म्हणता येतं." ती आळशी नाही. सकाळी मासळी घेऊन तीन गावं फिरते. घरात थोडे पैसे असल्यामुळे तिला 'नाही' म्हणता आलं, एवढाच फरक पडला. आम्हा बागायतदारांना झोंबतं ते हे. दोन दिवस मला ते पटलं नाही. मग पटलं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण कामाला जोडलेली मदत काय करू शकते हे मी घरात पाहिलं आहे. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. मग वडील. आमच्या घराची चूल मनीऑर्डरीवर चालायची. पोस्टमन पाणंदीने येताना दिसला की आजी खळ्यात येऊन उभी राहायची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. पुढच्या वर्षी वडील पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. अठ्ठेचाळीस किलो वजन, आणि हाताला फक्त साच्यावरचं, म्हणजे गिरणीतल्या मागावरचं, काम ठाऊक. इथे साचा कुठला? वडील रोज सकाळी उठून दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि खळ्यात बसायचे. काम मागायला जायचे, चिरेखाणीवर जायचे. दम लागायचा म्हणून खाणवाला दोन दिवसांत परत पाठवायचा. त्यांना कोणी आळशी म्हटलं असतं तर ते त्यांनी सहन केलं नसतं.

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. स्वतःच्या पडीक जमिनीत खड्डे मारा, कलमं लावा, जगवा, मजुरी सरकार देईल. वडिलांनी १९९१ च्या उन्हाळ्यात कातळाच्या कडेला काजूसाठी खड्डे मारायला घेतले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. कागदावर हे सोपं दिसतं. पहिलं अर्धा फूट माती, खाली जांभा. पहार मारली की ठिणगी उडायची आणि चिमूटभर तांबडा भुगा निघायचा. एका खड्ड्याला कधी दीड दिवस लागायचा. आई टोपलीने लांबून माती आणून खड्डे भरायची. पावसाच्या तोंडावर वेंगुर्ला-४ ची कलमं आली. पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे, आणि पुढचा टप्पा मिळायचा तो कलम जगलं तर. म्हणून पुढचे दोन उन्हाळे आम्ही भावंडं शाळेतून आलो की कळशीने कलमांना पाणी घालायचो. वडिलांनी "सरकारने बाग दिली" असं आयुष्यात म्हटलं नाही. "मी खणली" म्हणाले. पैसे सरकारचे होते आणि तरीही ते खरंच बोलत होते. त्यांची पाठ परत ताठ झाली ती त्या पहारीने. म्हणून कामाच्या बदल्यात मदत ही कल्पना मला कधीच अपमानाची वाटली नाही, आजही वाटत नाही.

पण गडग्याच्या पलीकडे काय झालं? काकीच्या नवऱ्यानेही तो अर्ज मागवला होता. त्यांच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं होती, निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस लागलेले नाहीत. सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा म्हणाले. कोकणात सामायिक जमिनीत संमती गोळा करणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. अर्ज तसाच राहिला. खणायची ताकद त्याच्यात माझ्या वडिलांपेक्षा जास्त होती. पाच-सहा वर्षांनी आमची कलमं धरली आणि आम्ही पोत्यांनी बी विकू लागलो, तेव्हा काकी ती बी फोडायला कारखान्यात जाऊ लागली होती. व्यापारी आमच्या भागातली बी त्याच कारखान्याला घालायचा. म्हणजे आमच्या सरकारी मदतीच्या झाडांचं पीक तिच्या बोटांतून गेलं. बाकड्यावर तिचा हात हातात घेतला तेव्हा माझ्या मनात हेच होतं, आणि ते तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

'काम करा, मग खा' ही अट आपल्याकडे फार जुनी आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकार खडी फोडायला लावून धान्य द्यायचं. दुष्काळासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने ती मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथवर खाली आणली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला अर्ध्या किलोहून कमी. मुंबई इलाख्यात लोकांनी ती कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. त्या व्यवस्थेत मागणाऱ्याने स्वतःला सिद्ध करायचं होतं, देणारा कशालाच बांधील नव्हता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हे उलटं केलं. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांनी तो प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक दुष्काळी कामांवर जगले, आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पैसा उभा करायला शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत जबाबदारी सरकारची आहे. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानेही तेच धरलं. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्या, काम पाच किलोमीटरच्या आत द्या.

मला वाटतं, सगळा प्रश्न इथे आहे. मदत कामाशी बांधायची तर दोरी दोन्ही टोकांना बांधा. मी तुमच्याकडे कष्ट मागतो, तर मी वेळेवर काम देईन, जवळ देईन, दाम वेळेवर देईन. असं असेल तर ती अट माणसाला उभं करते. नुसती एका टोकाला बांधली तर ती दावं होते.

आमच्याकडे सध्या दुसरं टोक सैलच आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. चिरेखाणीवर त्याच्या दुप्पट मिळतात. जून ते सप्टेंबर पावसात खोदकाम होत नाही. उरलेल्या दिवसांत जांभा खोदायचा आणि काम मोजणार घनमीटरवर. त्यात २०२३ पासून हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो. आमच्या खालच्या वहाळात बंधाऱ्याचं काम निघालं होतं. तिथे रेंज नाही. बायका हातातलं घमेलं ठेवून वरच्या सड्यापर्यंत चढायच्या, फोटो गेला की उतरायच्या, दुपारी पुन्हा. एक दिवस फोटो गेलाच नाही आणि सगळ्यांचा दिवस बुडाला. दगड रचलेला समोर दिसत होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्या २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा झाला आहे. त्यात हमीच्या कामाचे वर्षाचे शंभर दिवस वाढवून १२५ केले, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवस कामं बंद ठेवायची तरतूदही केली. ही सोय माझ्यासारख्यासाठी आहे, मला लावणीला माणसं मिळावीत म्हणून. मला त्याचा फायदा होईल. तरी माझ्या कुणग्यात तिने यावं यासाठी तिचं दुसरं दार सरकारने बंद करावं, हे मला पटत नाही. मला माणसं हवी असतील तर मी भाव वाढवायला हवा, नाहीतर भात कमी करायला हवं.

आणि मुदतीचं काय? मुदत वाईटच असं मी म्हणत नाही. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या दिवसांसाठी केंद्राची एक योजना आहे. मच्छीमाराने वर्षात १५०० रुपये साठवायचे, सरकार ३००० घालणार, आणि ते ४५०० तीन महिन्यांत परत द्यायचे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिची मुदत कोणाला अन्यायाची वाटत नाही. नारळी पौर्णिमा येणार, दर्याला नारळ देणार, होड्या पाण्यात जाणार हे ठाऊक असतं. म्हातारपणाला नारळी पौर्णिमा नाही. अमेरिकेत १९९६ साली कायदा करून गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा घातली. पाच वर्षं हा आकडा वाचला की मी वडिलांची वर्षं मोजतो. १९८३ ला ते ट्रंक घेऊन आले, हाताला धड काम लागलं १९९१ ला. आठ वर्षं. त्यांचा दोष काय होता?

त्याच अमेरिकेत आर्कान्सा राज्याने २०१८ साली गरिबांच्या आरोग्यविम्याला कामाची अट घातली. दर महिन्याला केलेल्या कामाची नोंद संगणकावर करायची. काही महिन्यांतच अठरा हजारांवर लोकांचा विमा गेला. पुढे अभ्यास झाला त्यात रोजगार वाढल्याचं दिसलं नाही, उलट ज्यांना अट लागू होती त्यातले बहुतेकजण आधीपासून काम करत होते किंवा त्यांना सूट होती. नोंद तेवढी झाली नव्हती. हे वाचताना मला वहाळातल्या बायका सड्यावर चढताना दिसल्या.

काकीचे पैसे मिळाले, तिसऱ्या खेपेला. रिक्षाला एका खेपेचे येऊन-जाऊन दोनशे चाळीस. बँकेच्या शाखेत स्लिपवर शाईचा अंगठा घ्यायचं ठरलं. तिने निळ्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला. गोल निळा डाग उमटला, आत काही नाही. कारकुनाने तो कागद उजेडात धरला, तिच्याकडे पाहिलं, मग मला आणि आणखी एकाला साक्षीदार म्हणून सह्या करायला सांगितलं. त्याचे मी मनापासून आभार मानले. त्याने नियमात जागा शोधली. सगळेच शोधत नाहीत.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, पुन्हा थोडं काम करशील का, बसून करायचं? तिने आधी सांगितलं ते उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल. लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. काकी पासष्टच्या पुढची, त्यामुळे ती त्यात बसत नाही. तिच्या योजनेला मर्यादा आहे २१ हजार. रक्कम दोन्हीकडे तीच, पंधराशे. चारशे रुपये रोजाने ती त्रेपन्न दिवस लावणी-कापणीला गेली तर तेवढ्यानेच ती मर्यादा ओलांडते. एकीकडे मी ग्रामसभेत उभा राहून म्हणतो काम करा म्हणजे मदत देऊ, आणि दुसरीकडे सरकारचा कागद तिला सांगतो काम केलंस तर मदत जाईल. हे मला आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना मी बोललो होतो.

पुढच्या ग्रामसभेत मी पुन्हा उठलो आणि आधीचं माझं म्हणणं मागे घेतलं. धडधाकट माणसाला जवळ काम द्या आणि वेळेवर दाम द्या, म्हाताऱ्या माणसाला काही विचारू नका, आणि २१ हजारांची मर्यादा वाढवा असा ठराव मांडला. ठराव झाला. सुचवलं मी, अनुमोदन त्या मासळीवालीने दिलं. पुढे तो कुठल्या टेबलावर पोचला ते बघायला मी दर पंधरवड्याला जातो.

फाल्गुनात ओले काजूगर काढायला काकी आली. मी बोलावलं नव्हतं, बी पडायला लागली ते तिने गडग्यावरून पाहिलं. पडवीत विळी मांडली, शेजारी राखेची वाटी, गुडघ्यावर जुनं फडकं. ओल्या बीचं तेलही जाळतंच. बी आडवी धरायची, विळीवर एक दाब, दोन फाकी, बोटाच्या टोकाने हिरवट पांढरा गर बाहेर. त्या बोटांना गर कुठे आहे हे अजून कळतं. ओले गर शेकड्याने जातात, मजुरीही शेकड्याला. दुपारपर्यंत चार शेकडे झाले. मी पैसे दिले आणि मजुरीची वही काढली. वडिलांपासूनची सवय आहे, ज्याला दिले त्याचं नाव लिहायचं.

ती हात पुसत होती. थांबली.

"माजा नाव घालू नको हां वहीत."

कचेरीतलं कोणी माझी वही बघायला येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. त्या दिवसाच्या पानावर तारीख आहे, 'ओले गर, ४ शेकडे' असं आहे, रक्कम आहे. नावाची जागा मोकळी आहे.